इथे कुणी नुसतं बघायला येत नाही

बडोद्यात मुलांना कुठे न्यायचं, हे ठरून गेलेलं आहे. कमाटीबागेत जायचं, प्राणी बघायचे, म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघायची, लक्ष्मीविलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची चित्रं बघायची, येताना सेव-उसळ खाऊन घरी. मी स्वतः हे सगळं बघत मोठी झाले आणि माझ्या जुईलाही हौसेनं दाखवलं. या जागांवर माझं प्रेम आहे. पण त्या प्रत्येक ठिकाणी मूल बघायलाच जातं. काचेला हात लावायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. शाळेत फळ्याकडे बघायचं, घरी पडद्याकडे बघायचं, लग्नकार्यात कुणाच्या मधे न येता खुर्चीवर बसून बघायचं. मुलांच्या वाट्याला आलेली ही कायमची प्रेक्षकाची खुर्ची मला फार खटकते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शहरात कॉलेजच्या मुलामुलींनी एक अ‍ॅनिमे संमेलन भरवलं होतं. जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आणि मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, यांचे चाहते एका हॉलमध्ये जमतात, आवडत्या पात्रांचे पोशाख करून येतात, चित्रं विकतात, वाद घालतात, शिकवतात आणि शिकतात. जुई तेव्हा सातवीत होती. तिला तिथे न्यायचं ठरवलं, तेव्हा घरात आणि नात्यात बरीच चर्चा झाली. ‘कार्टूनचं कसलं संमेलन?’ हा पहिला प्रश्न. ‘परीक्षा तोंडावर आलीय’ हा दुसरा. दांडिया बाजारातल्या आमच्या काकांचं म्हणणं होतं की आपल्याकडे गोष्टींची काय कमी आहे, म्हणून जपानच्या मागे लागायचं? काकांचा प्रश्न मनापासूनचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की रविवारी सकाळी दूरदर्शनवर ज्या मोगलीसाठी आपण सगळे आंघोळी उरकून बसायचो, ती मालिका जपानमध्येच तयार झाली होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या स्टुडिओनं ती 1989 मध्ये काढली. गोष्ट इंग्रजी लेखकाची, जंगल मध्य भारतातलं, चित्रं जपानी हातांची, आणि शीर्षकगीत हिंदीत. त्या मोगलीनं आमचं मराठीपण कमी केलं नाही.

या संमेलनांचं मूळ शोधत गेलं की एक फार सुंदर गोष्ट सापडते. 21 डिसेंबर 1975 रोजी तोक्योत ‘कॉमिकेट’ नावाचा बाजार पहिल्यांदा भरला. स्वतः काढलेल्या, स्वतः छापून आणलेल्या चित्रकथा विकायला चाहत्यांचे 32 गट आले होते आणि माणसं साधारण सातशे. त्यात शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. आज हाच बाजार वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस, तोक्यो बिग साइटच्या अवाढव्य दालनांत भरतो आणि लाखो लोक येतात. पण त्याचा एक नियम तेव्हापासूनचा आहे. तिथे ‘ग्राहक’ असा वर्गच मानत नाहीत. चित्रं विकणारे, ती विकत घेणारे आणि रांगा लावून देणारे स्वयंसेवक, सगळे सारखेच सहभागी. त्यामुळे बाजार नीट पार पाडायची जबाबदारीही सगळ्यांची. भारतात 2011 मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे चित्रकथांच्या चाहत्यांचं संमेलन, झालं, पुढे मोठ्या शहरांत ही हवा पसरली आणि आता आमच्यासारख्या शहरांतही मुलं आपापल्या बळावर असे मेळे भरवू लागली आहेत.

बडोदेकराला हे समजावून सांगावं लागू नये. आमच्याकडे नवरात्र असतं. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सच्या आवारातला गरबा ज्यांनी अनुभवलाय, त्यांना माहीत आहे की तिथे मंच आणि प्रेक्षक असा भेद नसतो. गाणारे मधे आणि सगळं गाव भोवती. येत नसेल तर बाहेरच्या वर्तुळात शिरायचं, पुढच्याची पावलं बघायची, दोन फेऱ्यांत अंगात येतं. मी बडोद्यात जन्मलेली मराठी मुलगी. माझ्या आईला गरबा येत नव्हता. मी तो कुठल्याही क्लासात शिकले नाही, वर्तुळात शिरून शिकले. जुईच्या संमेलनाकडे मी याच नजरेनं बघत होते.

तयारी महिनाभर आधी सुरू झाली, आणि खरं शिक्षण तिथेच सुरू झालं. जुईला ‘डीमन स्लेयर’ या जपानी मालिकेतला तांजिरो व्हायचं होतं. कोळसा विकून घर चालवणाऱ्या कुटुंबातला थोरला मुलगा, बहिणीला पाठीवर घेऊन वणवण फिरणारा. मुलगी असून मुलाचा पोशाख का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही याचा मला आनंद आहे. तांजिरोच्या अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा एक सैल झगा असतो, त्याला हाओरी म्हणतात. तयार हाओरी ऑनलाइन मिळत होती आणि महागही नव्हती. जुईनं ती दाखवलीसुद्धा. पण सासूबाईंनी फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं करून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, याला मुंढा नाही, गळ्याला गोलाई नाही, सगळे सरळ कापच आहेत. हे तर तुझं तूच शिवशील.”

त्यांनी चित्र बघून जे ओळखलं ते अगदी खरं आहे. जपानी पारंपरिक कपडे अरुंद पन्ह्याच्या एकाच लांब ताग्यातून कापतात. जेमतेम दीड वितीचा पन्हा आणि बारा मीटरच्या आसपास लांबी. सगळे तुकडे आयताकृती. जादा कापड कापून टाकत नाहीत, आत दुमडून ठेवतात, म्हणजे उसवून धुता येतं आणि दुसऱ्याच्या मापाचं करता येतं. आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेल्या बाईला हा हिशेब कुणी सांगावा लागला नाही.

नव्या बाजारातून हिरवं आणि काळं सुती कापड आणलं. जुईची कल्पना अशी की एकेक चौकोन कापायचा आणि जोडायचा. सासूबाईंनी तिला थांबवलं आणि गोधडीची युक्ती दाखवली. आधी हिरव्या आणि काळ्या लांब पट्ट्या आलटून पालटून जोडायच्या. मग त्या जोडलेल्या कापडाच्या पुन्हा आडव्या पट्ट्या कापायच्या. आता प्रत्येक पट्टीत हिरवा-काळा-हिरवा-काळा असे चौकोन आपोआप आले. एकाआड एक पट्टी उलटी फिरवायची आणि जोडायची, की झाल्या चौकड्या. जुई बघतच राहिली. मग तिनं माप काढलं. चौकोन चार इंचाचा हवा, म्हणून चार इंचाच्या पट्ट्या. सासूबाई म्हणाल्या, “आणि शिवणीत जाईल ते? माया कुठे ठेवलीस?” दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया धरली की पट्टी साडेचार इंचाची. संपूर्ण पाठीचा हिशेब तिनं नव्यानं मांडला, कापड किती लागेल ते पुन्हा काढलं. शाळेच्या वहीत अशा उदाहरणांवर ती कंटाळून झोपते.

सगळ्यात अवघड काम कोपरे जुळवायचं. चार चौकोन जिथे भेटतात, तो बिंदू एका सुतानं जरी सरकला तरी अख्खी पाठ वाकडी दिसते. सासूबाईंनी तिला शिकवलं की एका पट्टीच्या शिवणी इस्त्रीनं डावीकडे मोडायच्या, दुसरीच्या उजवीकडे, म्हणजे दोन्ही एकमेकींत अडकून बसतात आणि सरकत नाहीत. पहिली जोडणी वाकडी आली. उसवली. पुन्हा केली, पुन्हा थोडी वाकडी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती उसवणी तिच्या हातात दिली. जुई रडकुंडीला आली होती, पण तिला ते स्वतःलाच वाकडं दिसत होतं, दुसऱ्या कुणी चूक काढली नव्हती. शेवटी कोपरा जेव्हा नेमका बसला, तेव्हा तिनं तो अंगठ्यानं चारदा चोळून बघितला. तांजिरोची गोष्ट तिनं पडद्यावर कितीतरी वेळा बघितली होती. त्या चौकड्या तिला पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशी.

त्या चौकड्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला इथे सांगायचीच आहे. जपानमध्ये हा नक्षीप्रकार फार जुना. पण अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकातल्या, नटानं रंगभूमीवर चौकड्यांचं वस्त्र घातलं आणि त्याच्या चाहत्या बायकांनी तसंच कापड मागायला सुरुवात केली. तेव्हापासून नक्षीला त्या नटाचंच नाव पडलं. बालगंधर्वांची नेसण आणि केसांची ठेवण बघून आपल्याकडच्या बायका तशाच नटू लागल्या होत्या, हे आपण आजी-पणजीकडून ऐकलेलं आहे. रंगमंचावरच्या माणसावर जीव जडला की त्याचं काहीतरी आपल्या अंगावर आणावंसं वाटणं, हे काही आजच्या मुलांचं खूळ नाही. पुढे 2020 च्या तोक्यो ऑलिंपिकचं बोधचिन्हही याच चौकड्यांवर बेतलं गेलं. तांजिरोच्या प्रकाशकांनी हिरव्या-काळ्या चौकड्यांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली, तेव्हा जपानच्या पेटंट कार्यालयानं ती नाकारली, कारण ही नक्षी सगळ्यांची आहे. जुईला मी हे सांगितल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे ही आजीची पण आहे?” हो, आजीचीही आहे.

संमेलनाच्या दिवशी दारातच तलवारी तपासत होते. पुठ्ठा, फोम, थर्माकोल, हलकं लाकूड चालेल, धातू चालणार नाही. जुईची तलवार पुठ्ठ्याची. एका स्वयंसेवक मुलीनं ती हातात घेऊन टोक दाबून बघितलं आणि मुठीला एक रंगीत पट्टी बांधून परत दिली. त्या तपासणीत जराही गंमत नव्हती. ती मुलगी जुईशी तेवढ्याच गांभीर्यानं बोलली, जेवढ्या गांभीर्यानं तिच्या मागे उभ्या असलेल्या दाढीवाल्या तरुणाशी बोलली. गर्दीत तलवार खाली धरायची, कुणाच्या अंगावर रोखायची नाही, एवढं सांगून आत सोडलं. जुईची पाठ ताठ झाली, ते मला मागून दिसलं.

आत भिंतीवर मोठा फलक होता: विचारल्याशिवाय फोटो काढू नका, विचारल्याशिवाय कुणाच्या पोशाखाला हात लावू नका. जगभरच्या अशा संमेलनांत हा नियम असतो, आणि तो पोशाख करणाऱ्या मुलींनी, बायकांनी भांडून मिळवलेला आहे. कुणी सजून आलं म्हणजे ते सगळ्यांच्या मालकीचं झालं, असं होत नाही. थोड्या वेळानं गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक कॉलेजचा मुलगा जुईसमोर जरा वाकून म्हणाला, “एक फोटो पाडी शकुं?” जुईनं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम काही बोलले नाही. तिनं मान डोलावली, तलवार उपसायच्या पवित्र्यात उभी राहिली, त्यानं फोटो काढला, तिला दाखवला, आभार मानले आणि गेला. दुपारी ती खाकरा खात बसलेली असताना दुसऱ्या कुणी विचारलं, तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, “आत्ता नको.” तो ‘ओके’ म्हणून निघून गेला. एवढंच झालं.

मी मात्र त्या ‘आत्ता नको’पाशी बराच वेळ थांबले. आपल्या घरांत मुलांना कोण विचारतं? पाहुणे आले की गाल ओढतात, मांडीवर घेतात, ‘काकांना पापी दे’ म्हणतात, ‘गाणं म्हणून दाखव’ म्हणतात, आणि मूल नाही म्हणालं की त्याला लाजरं किंवा आगाऊ ठरवतात. पुढे तेच मूल मोठं झालं की आपण त्याला सांगतो, कुणी नकोसा हात लावला तर ठामपणे नाही म्हण. तो ठामपणा त्यानं कुठे गिरवायचा? त्या हॉलमध्ये माझ्या मुलीला कुणीतरी विचारलं, तिनं एकदा हो म्हटलं, एकदा नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिचं ऐकलं गेलं. नंतर तिला स्वतःला एका ताईचा फोटो हवा होता. ती जवळ जाऊन घुटमळली, ताईचं कुणाशी तरी बोलणं चालू होतं, ते संपेपर्यंत थांबली आणि मग विचारलं. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा एक तरुण अंगभर चिलखत घालून आला होता. लांबून लोखंडाचं वाटावं असं. जुईनं विचारलं, कशाचं आहे? त्यानं खांद्यावरचा एक तुकडा सोडवून तिच्या हातात ठेवला. योगाच्या चटईला वापरतात तसला फोम. मग पुढचा अर्धा तास तो तिला जे सांगत होता, ते मीही कान देऊन ऐकत होते. आधी स्वतःच्या अंगाला क्लिंग फिल्म गुंडाळायची, त्यावर चिकटपट्टी, त्यावर पेनानं रेषा काढायच्या आणि कापून काढायचं, की आपल्या मापाचा नमुना तयार. फोम कापताना सुरी तिरकी धरली तर कोपरा बंद बसतो, सरळ धरली तर फट राहते. कापल्यावर हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, पृष्ठभाग तापवायचा, म्हणजे फोमची बारीक छिद्रं बंद होतात, नाहीतर रंग सगळा आत शोषला जातो. त्यावर पातळ केलेल्या फेविकॉलचे हात, मग रंग. आणि सगळ्यात महत्त्वाचं चिकटवणं. दोन्ही बाजूंना सोल्युशन, म्हणजे चिकटवायचं द्रव्य, लावायचं आणि लगेच जोडायचं नाही. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मग जोडायचं, आणि एकदा जोडलं की हलवता येत नाही.

“पर मम्मी या पापा साथ में हों तभी,” तो जुईला म्हणाला. सोल्युशनचा वास वाईट असतो, खिडक्या उघड्या हव्यात, हीट गन हात भाजते. त्याच्या मनगटावरचा डाग त्यानं दाखवला. शिफ्ट संपल्यावर रात्री दोन-दोन तास तो हे करत होता. त्याबद्दल त्याला कुणी पैसे देणार नव्हतं, पगारही वाढणार नव्हता. मार्कांसाठी मेहनत करणारी मोठी मुलं जुईनं बघितली आहेत, पैशांसाठी मेहनत करणारी माणसं तर रोज बघते. निव्वळ आवडीपायी इतकी कसून केलेली मेहनत तिनं अशी हात लावून कधी बघितली नव्हती. पोशाखांच्या मोठ्या स्पर्धांत परीक्षक शिवण आतून उलटून बघतात आणि कुठला भाग स्वतः केला, कसा केला, ते विचारतात. पात्रांचे पोशाख करण्याला कॉस्प्ले म्हणतात. जपानात नागोयात 2003 पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते, तिथे तर देशोदेशीच्या दोघादोघांच्या जोड्या येतात आणि पोशाखाइतकंच रंगमंचावरच्या सादरीकरणालाही गुण असतात. तो तरुण कुठल्याच स्पर्धेत नव्हता. पण जुईच्या पाठीवरच्या चौकड्या बघून त्यानं नेमका प्रश्न विचारला, “कोपरे कैसे मिलाए?” आणि माझ्या मुलीनं, वर्गात बोलत नाही अशी जिची तक्रार दर पालकसभेत मी ऐकते, शिवणी उलटसुलट मोडायची आजीची युक्ती त्याला हातवारे करून समजावली. त्यानं फोनमध्ये टिपून घेतली.

एका भिंतीलगत चित्रं विकणाऱ्यांची टेबलं होती. स्टिकर, बुकमार्क, छोटे प्रिंट, किचेन. बडोद्याला हाही प्रकार नवा नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीनं, जिथे इंदूरचे आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे 1950 पासून शिकवत होते, शहरासाठी मेळे भरवले, आणि त्यांत शिक्षक-विद्यार्थी स्वतः केलेल्या वस्तू विकायला मांडत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकारानं त्या मेळ्यांसाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी केली. मोठा कलावंत खेळणं करतो आणि ते गावातल्या कुठल्याही मुलाच्या हातात जाऊ शकतं, यात त्या शहराची श्रीमंती होती. जुईच्या खाऊच्या पैशांतून काय घ्यायचं, हे तिचं तिनं ठरवायचं, असं आमचं बोलणं झालं होतं. एका मुलीच्या टेबलापाशी तिनं मंगळ बाजारातल्यासारखं सहज विचारलं, “कमी होईल का?” ती मुलगी रागावली नाही. तिनं सांगितलं, हे चित्र काढायला इतका वेळ, छपाईचे इतके, कागद जाड घेतला म्हणून इतके, कडा हातानं कापल्यात. जुईनं ऐकलं, सगळी टेबलं पुन्हा फिरून आली आणि पूर्ण पैसे देऊन तेच चित्र घेतलं.

शेजारीच कारखान्यातून आलेल्या किचेनचा ढीग होता, स्वस्त आणि चकचकीत. त्यावरून घरी येताना आमचं बोलणं झालं. त्या किचेनचे पैसे ज्यांनी ते पात्र निर्माण केलं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. मग टेबलावरच्या त्या ताईनं काढलेल्या चित्राचे तरी पोचतात का? नाहीत. मग फरक काय? जुईनं हा प्रश्न विचारला आणि आम्ही दोघी त्यावर बराच वेळ अडलो. जपानमध्ये चाहत्यांनी काढलेल्या चित्रकथांकडे बरेच प्रकाशक काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार त्यातूनच येतात, आणि तिथले कितीतरी नामवंत तसे आलेही आहेत. कायद्याचं नेमकं उत्तर काहीही असो, बारा वर्षांच्या मुलीनं ‘हे पैसे कुणाला मिळतात’ असं विचारणं मला त्या दिवसाचं मोठं फळ वाटतं.

अ‍ॅनिमेशन शिकणारे काही विद्यार्थी एका कोपऱ्यात मुलांना चिकट कागदांच्या गठ्ठ्यावर उसळणारा चेंडू काढायला शिकवत होते. जुईनं समान अंतरावर चेंडू काढत नेले आणि गठ्ठा फरफरवला. चेंडू दोरीला बांधल्यासारखा वरखाली झाला, उसळला नाही. विद्यार्थ्यानं सांगितलं, वर पोचताना चेंडू मंदावतो, म्हणून तिथली चित्रं जवळजवळ काढ. खाली येताना वेग वाढतो, तिथे अंतर वाढव. जमिनीला टेकतो त्या एका चित्रात तो थोडा चपटा कर. दुसऱ्या खेपेला चेंडू उसळला, आणि टेबलाभोवतीची सगळी मुलं ओरडली. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एकेक चित्र तीन चौकटी टिकवलं तर सेकंदाला आठ चित्रं पुरतात, तरीही मिनिटाला चारशे ऐंशी झालीच. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या स्टुडिओनं 1963 मध्ये टीव्हीसाठी दर आठवड्याला अर्धा तास अ‍ॅनिमेशन द्यायचं ठरवलं, तेव्हा हाताशी पैसा आणि वेळ दोन्ही कमी. म्हणून चित्रं कमी करायच्या, तीच पुन्हा वापरायच्या, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायच्या युक्त्या त्यांनी पक्क्या केल्या. आज जिला आपण अ‍ॅनिमेची शैली म्हणतो, तिचा बराचसा भाग त्या काटकसरीतून आला.

मी जुईला तिथेच फाळक्यांबद्दल सांगितलं. दादासाहेब आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं, आणि ते बघूनच त्यांच्या चित्रपटाला भांडवल देणारा माणूस तयार झाला. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही असंच एकेका चौकटीनं नाचवलं. जुईनं हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि विचारलं, “रोज एकच चौकट? मग तोपर्यंत ते काय करायचे?” धीर धरायचे, असं मी म्हटलं. सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी, त्यांच्याबरोबर राबायच्या, हेही सांगितलं.

दुपारनंतर गर्दीच्या रेट्यात जुईची तलवार मुठीपाशी मोडली. तिचे डोळे भरून आले. अशा संमेलनांत पोशाख दुरुस्तीचं एक टेबल असतं, तिथे ग्लू गन, सुईदोरा, पिना, चिकटपट्ट्या मांडलेल्या असतात. तिथल्या मुलानं आत एक बांबूची काडी घालून मूठ जोडली आणि सुकेपर्यंत धरायला तिलाच सांगितलं. ती धरून बसली असताना एका छोट्या मुलाच्या मुखवट्याचं इलास्टिक तुटलं होतं, ते तिनं सुईदोऱ्यानं टाचून दिलं. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

ज्यांना आपल्या मुलांना न्यायचंय, त्यांच्यासाठी दोन गोष्टी मनापासून सांगते. अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचंच, असं नसतं. ‘डीमन स्लेयर’मध्ये रक्तपात आहे, मृत्यू आहेत. मी ती मालिका जुईबरोबर बसून बघितली, काही भाग तिला आता नको म्हणून सांगितलं, काही ठिकाणी थांबून बोललो. मुलाला काय आवडतं ते स्वतः बघितल्याशिवाय त्याला तिथे पाठवू नये, कारण मग त्याचा आनंदही आपल्याला कळत नाही आणि त्याला काय खुपलं तेही कळत नाही. हॉलमध्ये गोंगाट प्रचंड असतो, कार्यक्रम उशिरा सुरू होतात, लहान मूल दमतं. पाणी आणि खाणं जवळ ठेवावं, आणि मधूनमधून बाहेर झाडाखाली नेऊन बसवावं. आणि जमलं तर पोशाखातली एक तरी गोष्ट घरी करावी. नुसती कानातली केली तरी चालतील.

काकांनी नंतर फोटो बघितले. हाओरीच्या पाठीवर बोट ठेवून त्यांनी सासूबाईंना विचारलं, “वहिनी, हे तुम्ही केलंत?” सासूबाई म्हणाल्या, “मी सांगितलं, केलं तिनं.”

पुढच्या संमेलनात जुईला टेबल हवंय. ती आणि तिची मैत्रीण मिळून बुकमार्क काढणार आहेत, चौकड्यांचे आणि बडोद्याच्या वडांचे. रावपुऱ्यातल्या छपाईवाल्याकडे जाऊन जाड कागदाचा आणि साध्या कागदाचा भाव दोघी विचारून आल्या, वहीत रकाने आखून हिशेब मांडला, आणि साध्या कागदावर काढले तर कडा दुमडतील म्हणून जाड कागद ठरला. अठराच्या आतल्या मुलांच्या टेबलाशी घरचं मोठं माणूस बसायला लागतं, असा आयोजकांचा नियम आहे. मी बसेन म्हटलं होतं. पण सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय की त्या बसणार, आणि बरोबर गोधडीचे तुकडे आणि सुया घेऊन येणार, कुणी विचारलं तर दाखवता येईल म्हणून.